चारी बाजूंनी पाणी, तरी आग विझेना?

प्रश्न : सर, पोरगा आपल्या नागपूरच्या नॅशनल फायर सर्व्हिस कॉलेजात शिकतोय. परवा पोहे खाताना म्हणे, जहाजावरची आग विझवणं सगळ्यात कठीण. मी म्हटलं काहून, चहूकडे पाणीच तर आहे नं! तो युद्धात पाइप हातात धरून मेलेल्या कुण्या नेव्ही ऑफिसरचं सांगायला लागला, तेवढ्यात फोन आला नि राहूनच गेलं. कोण तो?
– एक वाचक, धरमपेठ

उत्तर : भाऊ, पोराचं बरोबर आहे. परातभर पाणी घेऊन घरातल्या घरात चालून बघा, जरा कलली की सगळं पाणी त्याच बाजूला धावतं आणि परात अजून कलते. जहाजाच्या पोटात मारलेलं पाणी हेच करतं. फेब्रुवारी 1942 मध्ये न्यूयॉर्कच्या धक्क्यावर नॉर्मंडी नावाच्या भल्यामोठ्या जहाजाला आग लागली, बंबवाल्यांनी पाणी मारमारून ती आटोक्यात आणली, आणि रात्री जहाजच आडवं झालं! म्हणून आग विझवणं, पाणी उपसणं, भगदाडं बुजवणं हे सगळं सोबतच चालतं, त्याला डॅमेज कंट्रोल म्हणतात. (पुढारी काही बरळले की टीव्हीवाले वापरतात तो शब्द मूळचा इथला.)

तुमच्या पोराच्या मनात बहुतेक लेफ्टनंट मिल्टन रिकेट्स असावा. अमेरिकेचं विमानवाहू जहाज यॉर्कटाउन, 8 मे 1942, कोरल समुद्रातली लढाई. हा खालच्या मजल्यावर इंजिनीअरिंग रिपेअर पार्टीचा (डॅमेज कंट्रोल करणाऱ्या तुकडीचा) प्रमुख, वय अवघं 28. जपानी बॉम्ब वरून डेक फोडत त्याच्या कंपार्टमेंटमधून आरपार गेला नि बरोबर खाली फुटला. त्याची माणसं कोणी मेली, कोणी जखमी, कोणी सुन्न, धड असं कोणीच उरलं नाही. तो स्वतःही वाचणार नव्हता. तरी जवळच्या हायड्रंटचा (आग विझवायच्या पाण्याच्या नळाचा) व्हॉल्व्ह त्यानं उघडला, होज म्हणजे पाइप अर्धामुर्धा ओढला, पाण्याचा जोरदार झोत आगीवर धरला आणि त्या होजशेजारीच पडला. मरणोत्तर मेडल ऑफ ऑनर हे अमेरिकेचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं, पुढं एका युद्धनौकेला त्याचं नावही दिलं.

यॉर्कटाउन 27 मेला पर्ल हार्बरला पोचलं, घाईघाईत डागडुजी झाली आणि 30 मेला मिडवेच्या लढाईसाठी निघालंसुद्धा. तिथं मात्र बुडालं.

आता पोराला एक विचारा, हायड्रंटचा व्हॉल्व्ह उघडून भरलेला होज एकट्यानं धरायला किती जोर लागतो, तेही अंगानं धडधाकट असताना.