मातीच्या नकाशावर नुसते आकडे दिसतात, माहितीचा तक्ता कसा जोडावा?

शेतकरी गटांकडून आलेले तीन प्रश्न एकाच विषयाचे असल्याने उत्तर एकत्र देत आहे.

पहिला प्रश्न: "मातीचा रास्टर नकाशा उघडला, शेतावर क्लिक केलं तर फक्त ७ दिसतं. मातीचं नाव, खोली, निचरा हे सगळं वेगळ्या एक्सेल शीटमध्ये आहे. ते जोडायचं कसं?" दुसरा: "तक्ता जोडला, पण सगळे रकाने रिकामे आले." तिसरा: "सामूच्या (मातीच्या आम्ल-विम्लतेच्या, म्हणजे pH च्या) नकाशाचं टेबलच तयार होत नाही."

माती परीक्षणाला नमुना देताना पिशवीत नंबराची चिठ्ठी टाकतो आणि शेताची माहिती त्याच नंबरापुढे वहीत लिहितो. रास्टरचेही तसेच आहे. नकाशा म्हणजे चौकटींची जाळी, आणि प्रत्येक चौकटीत एकच आकडा मावतो. चौकट १० मीटरची असेल तर ती १०० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ एक गुंठा जमीन. त्या गुंठ्याला दिलेला ७ हा चिठ्ठीवरचा नंबर आहे. मातीची खोली किंवा प्रत त्यातून कळत नाही, ती वहीत पाहावी लागते.

आर्कजीआयएस हे नकाशांचे सॉफ्टवेअर वापरत असाल तर आधी 'बिल्ड रास्टर अ‍ॅट्रिब्यूट टेबल' हे साधन चालवा. त्यातून 'व्हॅल्यू' आणि 'काउंट' असे दोन मुख्य रकाने मिळतात: कोणता आकडा, आणि तो किती चौकटींत आहे. मग 'जॉईन फील्ड' घेऊन या टेबलातला 'व्हॅल्यू' आणि आपल्या शीटमधला मातीचा क्रमांक यांची जोडी लावा. क्यूजीआयएस या दुसऱ्या नकाशा-सॉफ्टवेअरमध्ये रास्टरचे टेबल ३.३० या आवृत्तीपासून आले. आधी थराची (उघडलेल्या नकाशाची) शैली 'पॅलेटेड' (प्रत्येक आकड्याला वेगळा रंग) करा, मग थरावर राईट क्लिक करून टेबल तयार करा आणि त्यात हवे ते रकाने वाढवा. वेक्टर थराला (बिंदू, रेषा, सीमा यांच्या नकाशाला) जशी जॉईनची सोय आहे तशी इथे मिळत नाही, त्यामुळे माहिती स्वतः भरावी लागते. मातीचे दहा-पंधरा प्रकार असतील तर हे काम फार वेळ घेत नाही.

आता रिकामे रकाने. हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा येतो आणि चूक बहुतेक वेळा शीटमध्येच सापडते. एक्सेलमध्ये क्रमांकाचा रकाना नीट पाहा. आकडे चौकटीच्या उजव्या कडेला असतील तर ते आकडे आहेत. डाव्या कडेला चिकटले असतील तर संगणक त्यांना मजकूर समजतो आहे, आणि मजकुरातला ०७ रास्टरमधल्या ७ शी जुळत नाही. आकड्यामागे चुकून पडलेली मोकळी जागाही तोच घोळ करते. क्रमांक देवनागरी अंकांत टाईप केले असतील तर ते इंग्रजी अंकांत बदला. आणखी एक: एकाच क्रमांकापुढे मातीच्या दोन ओळी असतील तर जोडणीत सहसा एकच ओळ येते आणि दुसरी गळते. अशा ठिकाणी कोणत्या मातीचे क्षेत्र जास्त आहे ते पाहून क्रमांकामागे एकच ओळ आधीच ठरवून ठेवा.

सामूच्या नकाशात बहुधा ७.४३, ७.४४ असे दशांशातले आकडे असतात. रास्टरचे टेबल पूर्णांकांवर चालते, म्हणून ते तयार होत नाही. तुमचे काही चुकलेले नाही. 'रीक्लासिफाय' करून गट पाडा, उदाहरणार्थ ६.५ पेक्षा कमी १, ६.५ ते ७.५ साठी २, त्यापुढे ३. या नव्या नकाशाला टेबल जोडता येते. मूळ नकाशा मात्र पुसू नका. सॉइलग्रिड्स या जागतिक माती-नकाशांत सामू १० ने गुणून पूर्णांकात ठेवलेला असतो, तिथे ७४ दिसले तर ते ७.४ समजा.

कळकळीने एक सांगतो. नकाशाची चौकट लहान-मोठी करताना सॉफ्टवेअर पद्धत विचारते, तेव्हा क्रमांकाच्या नकाशासाठी 'निअरेस्ट नेबर'च निवडा. 'बायलिनिअर' शेजारच्या आकड्यांची सरासरी काढते. वर्ल्डकव्हर या जागतिक जमीन-वापर नकाशात ४० म्हणजे पिकाखालची जमीन आणि ८० म्हणजे पाणी. तळ्याकाठी त्यांची सरासरी ६० येते, आणि ६० चा अर्थ तिथे उघडी, विरळ झाडोऱ्याची जमीन असा आहे. उभ्या पिकाच्या आणि पाण्याच्या मधोमध पडीक पट्टा उमटतो, आणि टेबल त्याला बिनदिक्कत नावही देते. शेतनिहाय आकडा काढतानाही सरासरी घेऊ नका, सर्वांत जास्त चौकटींत आलेला क्रमांक घ्या.

'काउंट'वरून क्षेत्रही निघते. १० मीटरच्या १०० चौकटी म्हणजे एक हेक्टर. मात्र नकाशा मीटरच्या प्रक्षेपणात (अंतर मीटरमध्ये मोजणाऱ्या मांडणीत) असावा, अक्षांश-रेखांशाच्या अंशांत असेल तर हा गुणाकार चालत नाही.

हे टेबल पुष्कळदा नकाशाच्या शेजारी 'व्हॅट डॉट डीबीएफ' अशा शेवटाच्या वेगळ्या फाईलमध्ये राहते. या प्रकारात रकान्याचे नाव १० अक्षरांपुढे जात नाही, म्हणून नावे आखूडच ठेवा. आणि गटातल्या दुसऱ्या शेतकऱ्याला नकाशा पाठवताना एकटी टिफ फाईल पाठवू नका, त्याच नावाच्या सगळ्या फाईली एका फोल्डरमध्ये घालून पाठवा.