सेप्टिक शॉक पहिल्यांदा शिकताना

सगळ्या रेणूंची नावं पाठ करायला आत्ताच बसू नकोस. आधी एक गोष्ट पक्की कर: सेप्सिसमध्ये, म्हणजे जंतुसंसर्गाने अवयव निकामी व्हायला लागतात तेव्हा, आणि त्यातून रक्तदाब कोसळून होणाऱ्या सेप्टिक शॉकमध्ये बरंचसं नुकसान जिवाणूच्या विषापेक्षा त्याला मिळणारा शरीराचा बेफाम प्रतिसाद करतो. ग्रॅम-निगेटिव्ह (ग्रॅम रंगचाचणीत जांभळा रंग न धरणाऱ्या) जिवाणूच्या बाहेरच्या आवरणात एंडोटॉक्सिन नावाचं विष असतं. जिवाणू फुटला की ते सुटतं, मॅक्रोफेज या संरक्षक पेशींवरचा टीएलआर-४ हा रिसेप्टर ते ओळखतो आणि टीएनएफ, इंटरल्युकिन-१ असे सायटोकाइन्स (दाह पेटवणारे निरोप्या रेणू) रक्तात उतरतात. मग रक्तवाहिन्या सैलावतात, पाझरू लागतात, बारीक गुठळ्या होतात. रक्तदाब कोसळतो, अवयवांना प्राणवायू पुरत नाही. ही साखळी न बघता कागदावर काढता येईपर्यंत पुढे जाऊ नकोस. कॉम्प्लिमेंट (रक्तातल्या संरक्षक प्रथिनांचा संच) वगैरे नंतर.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- एंडोटॉक्सिन आणि एक्झोटॉक्सिन एकच समजणं. एक्झोटॉक्सिन हे प्रथिन; जिवंत जिवाणूही ते बाहेर सोडतो.
- ग्रॅम-पॉझिटिव्ह (जांभळा रंग धरणारे) जिवाणू विसरणं. त्यातल्या स्टॅफिलोकोकसचं टीएसएसटी-१ हे एक्झोटॉक्सिन एकाच वेळी असंख्य टी-पेशी (रक्तातल्या संरक्षक पांढऱ्या पेशी) भडकवतं.
- ताप नाही म्हणजे सेप्सिस नाही, असं धरणं. वृद्धांचं शरीर उलट थंडही पडतं. श्वासाचा वेग आणि रुग्णाचं भान आधी बघ. रक्तदाब पडायची वाट बघत बसलं तर फार उशीर होतो.