टाचेचं हाड वाढलं असेल तर ऑपरेशन करावंच लागतं का? आणि घोटा सारखा मुरगळत असेल तर काय उपाय?

तुम्ही लिहिलंय की आई 52 वर्षांच्या आहेत, सकाळी पलंगावरनं उतरलं की पहिली पावलं टाकताना टाचेत खिळा टोचल्यागत होतं, एक्सरेत हाड वाढलेलं दिसलं आणि आता इंजेक्शन की ऑपरेशन म्हणून घरात सगळे घाबरलेत, शिवाय तुमचा स्वतःचा घोटा पेठेच्या टीममधनं फुटबॉल खेळताना परत परत मुरगळतोय. मी कोल्हापुरातच फिजिओथेरपिस्ट आहे, असे पाय रोज बघतो, त्यामुळं जरा सविस्तर लिहितो.

आधी त्या वाढलेल्या हाडाचं, कारण सगळी भीती तिथनंच सुरू होते. टाचेपासनं बोटांपर्यंत तळपायाखालून एक जाड पट्टा जातो, प्लांटर फॅशिया म्हणतात त्याला, त्याच्या टाचेकडच्या टोकावर वर्षानुवर्षं ताण बसून ते दुखायला लागतं. रात्रभर पाय सैल पडलेला असतो, पट्टा आखडतो, आणि सकाळी उठल्या उठल्या अख्खं वजन त्याच्यावर येतं म्हणून पहिली पावलंच सगळ्यात वाईट, नंतर चालून चालून जरा सैल होतं आणि संध्याकाळी उभं राहून राहून परत ठणकतं. एक्सरेत दिसतं ते टोक, स्पर, हे टाच कधीच न दुखलेल्या कितीतरी माणसांच्या एक्सरेत पण सापडतं, आणि आईंचं दुखणं पूर्ण गेल्यावर परत एक्सरे काढलात तरी ते तिथंच दिसेल. तरी बायका दारातनं आत येता येताच विचारतात, "हाड वाढलंय म्हणं, आता कापायलाच लागतंय काय?" आणि त्या काळजीत कित्येक रात्री झोपलेल्या नसतात, खरंच वाईट वाटतं. नाही हो, बहुतेकांचं 6 ते 12 महिन्यांत ऑपरेशनशिवाय बरं होतं, फक्त चार दिवसांत होत नाही आणि तिथंच लोक धीर सोडतात.

आईंना उद्या सकाळपासनं एवढं करायला सांगा. पलंगावरनं खाली पाय टेकायच्या आधी, बसल्या जागी, दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर आडवा ठेवायचा, हातानं पायाची सगळी बोटं नडगीच्या दिशेला मागं ओढायची आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं तळव्यावर दाबून बघायचं, तो पट्टा दोरीसारखा ताठ लागला की बरोबर ओढलंय. 10 आकडे मोजायचे, सोडायचं, असं 10 वेळा, दिवसातनं 3 वेळा, पण सकाळचं चुकवायचं नाही, आणि दुपारी बराच वेळ बसून उठतानाही आधी हे करून मगच उठायचं. सोबत भिंतीला हात लावून पोटरी ताणायची, कारण पोटरी आखडलेली असली की सगळा भार टाचेवर येतो. फ्रीजमध्ये गोठवलेली पाण्याची बाटली कापडात गुंडाळून तळपायाखाली 10-15 मिनिटं फिरवली की रात्रीचा ठणका उतरतो. काही आठवड्यांनी दुखणं कमी झालं की पायरीवर बोटांखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून टाचा हळूहळू वर-खाली करायच्या, त्यानं तो पट्टा मजबूत होतो, नुसतं ताणण्यापेक्षा हे पुढं जास्त कामाला येतं.

आणि पायताण. आपल्याकडं घरात फरशीवर दिवसभर अनवाणी वावरायचं, ओट्यापुढं तासन् तास उभं राहायचं, हे टाचेला अजिबात मानवत नाही. घरात घालायला मऊ, टाचेला जरा उंची असलेली वेगळी स्लीपर घ्या, बाहेरच्या चपलेत सिलिकॉनचा हील कप, म्हणजे टाचेखालची मऊ वाटी, टाका. कोल्हापुरी चप्पल आपली शान आहे, मान्य, पण तळ कडक आणि सपाट, दुखणं थांबेपर्यंत ती लग्नाकार्यापुरतीच ठेवा. वजन जास्त असेल तर तेही कमी करायला लागेल, आईंना हे प्रेमानं सांगा.

इंजेक्शन वाईटच असं मी म्हणणार नाही. स्टेरॉईडच्या इंजेक्शननं काही आठवडे चांगला आराम पडतो, ज्यांना दुखण्यामुळं व्यायामच जमत नाही त्यांना तेवढी उसंत मिळते, पण व्यायाम, चप्पल काहीच न बदलता नुसतं इंजेक्शन घेतलं तर दुखणं बहुतेक परत येतं आणि परत परत टोचलं तर टाचेखालची चरबीची गादी पातळ व्हायची, क्वचित पट्टा तुटायचीही भीती असते. शुगर असेल तर इंजेक्शननंतर काही दिवस ती वाढते, ते डॉक्टरांना आधी सांगा. सगळं मनापासनं करून पाच-सहा महिन्यांत फरक पडला नाही तर शॉकवेव्ह नावाची मशीनची ट्रीटमेंट असते, ऑपरेशन त्याच्याही पुढं आणि अगदी थोड्यांना.

आता तुमचा घोटा. बाहेरच्या बाजूची लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड जोडणारी पट्टी, एकदा ताणली की जखम भरते पण पायाचा तोल सांभाळायची जाणीव कच्ची राहते, म्हणून शाहू स्टेडियमवर वळताना तोच पाय परत आत मुडपतो. सूज उतरली की लोक थेट मैदानात जातात, मधलं कामच कुणी करत नाही. एका पायावर उभं राहायची सवय लावा, दात घासताना करा, जमायला लागलं की डोळे मिटून, मग उशीवर, मग त्या पायावर उड्या. व्यायामाचा रबरबँड पावलाला अडकवून त्याच्या ताणाविरुद्ध पाऊल बाहेरच्या बाजूला ओढायचा व्यायाम रोज. एका पायावर न दुखता, न डगमगता उड्या मारता आल्या आणि पळता पळता झटकन वळता आलं की मगच मॅच, आणि पहिला सीझन ब्रेस, म्हणजे घोट्याला आधार देणारा पट्टा, घालूनच खेळा. तीन-चार महिने नीट करूनही घोटा सटकतोय असं वाटलं तर एमआरआय काढून हाडांच्या डॉक्टरांशी लिगामेंट शिवण्याबद्दल बोला.

परत ताजा मुरगळला तर त्याच दिवशी कुणाकडं चोळून घेऊ नका, आतनं रक्त अजून झिरपत असतं, चोळून सूज दुप्पट होते. कापडातनं बर्फ, क्रेप बँडेज, पाय उशीवर वर, आणि दोन-तीन दिवसांनी हलकं हलवायला सुरुवात, पायानं हवेत बाराखडी काढा. पण मुरगळल्यावर 4 पावलंही टाकता येत नसतील किंवा घोट्याच्या हाडावरच, मागच्या कडेला बोट लावलं की कळ येत असेल तर एक्सरे काढाच, आपल्या सीपीआर या सरकारी दवाखान्याची हाडांची ओपीडी आहेच. खेळताना मागनं कुणी लाथ मारल्यासारखं झालं, 'टप' आवाज आला आणि चवड्यावर उभं राहता येईना, तर ती टाचेच्या मागची जाड शीर, अकिलीस टेंडन, तुटलेली असू शकते, त्याच दिवशी दाखवा.

तुम्ही आईंच्या शुगरबद्दल काही लिहिलं नाहीये आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटते. शुगरवाल्यांच्या तळपायाची जाणीव हळूहळू जाते, नवरात्रात अंबाबाईला अनवाणी जायचा नेम असलेल्या बायका तापलेल्या फरशीवरनं चालतात, फोड आलेला कळतही नाही आणि तो चिघळल्यावर येतात. त्यांनी अनवाणी चालायचं नाही, कुरपाला बाजारातली पट्टी लावायची नाही, ब्लेडनं स्वतः कापायचं नाही, रात्री झोपताना तळपाय उजेडात बघायचा, दिसत नसेल तर घरातल्यांनी बघायचा. या आठवड्यात आईंची शुगर तपासून घ्या, तळपायाची जाणीवही तपासा, बारीक नायलॉनचा तंतू टेकवून दोन मिनिटांत होते ती टेस्ट. रिपोर्ट आला की इथंच लिहा, व्यायामात काय बदलायचं ते सांगतो.