पगार चांगला आहे, कधीच कर्ज घेतले नाही, तरी अर्ज का नाकारला गेला?

आपला प्रश्न असा आहे की, पगार चांगला असताना आणि आजवर कोणाचे एक पैचेही कर्ज घेतलेले नसताना अर्ज नाकारला गेला, मग कर्ज देणारे पत ठरवतात तरी कशावरून? मी अनेक वर्षे कर्जाच्या अर्जांची छाननी केली आहे. ज्याने कधी कोणापुढे हात पसरला नाही, त्यालाच नकार मिळावा, हे किती जिव्हारी लागते हे मी समोर बसलेल्यांच्या चेहऱ्यावर पाहिले आहे.

छाननी करणारा दोन गोष्टी शोधत असतो: फेडण्याची ऐपत आणि फेडण्याची दानत. पगारपत्रकातून ऐपतीचा अंदाज येतो, पण तोही अर्धाच, कारण खरा हिशेब मिळकतीचा नसून चालू हप्ते वजा जाता हाती काय उरते याचा असतो. शंभर मिळवून पंचावन्न हप्त्यांत देणाऱ्याकडे पंचेचाळीस उरतात आणि साठ मिळवून दहाच देणाऱ्याकडे पन्नास. म्हणून मिळकत कमी असूनही दुसऱ्याला नवा हप्ता अधिक सहज पेलतो. त्याशिवाय मिळकत किती नियमित आहे, नोकरी किती काळची आहे, व्यवसाय असेल तर खात्यातील उलाढाल दाखवलेल्या नफ्याशी जुळते का, हेही पाहिले जाते.

दानत मात्र कागदावर दिसत नाही आणि कोणाच्या मनात शिरून पाहता येत नाही, म्हणून मागच्या वागणुकीवरून पुढचा अंदाज बांधावा लागतो. क्रेडिट स्कोअर हा त्याच अंदाजाचा आकडा आहे. अमेरिकेत 1989 पासून वापरात असलेला फिको स्कोअर 300 ते 850 या पट्ट्यात असतो आणि त्यात साधारण 35 टक्के भार हप्ते वेळेवर भरले की नाही याला, तर 30 टक्के भार सध्याचे देणे किती आहे, विशेषतः क्रेडिट कार्डाच्या मर्यादेपैकी किती रक्कम वापरली आहे, याला असतो. कर्जव्यवहार किती जुना आहे याला 15 टक्के मिळतात; उरलेला भार नवी कर्जे आणि कर्जांचे प्रकार यांत विभागला जातो. पगाराला या गणितात जागाच नाही.

आपली अडचण बहुधा इथेच आहे. आपल्याला जो स्वच्छ इतिहास वाटतो, तो छाननी करणाऱ्याला कोरा कागद दिसतो, आणि कोऱ्या कागदावरून चांगला किंवा वाईट असा कोणताच निष्कर्ष काढता येत नाही. हा नियम सावध माणसावर अन्याय करतो, असे माझे प्रामाणिक मत आहे, पण तो बहुतेक ठिकाणी असाच चालतो.

तारण दिले की काम होईल, असेही अनेकांना वाटते. तारणामुळे बुडीत रकमेचा धोका कमी होतो, हे खरे. तरी जप्ती आणि विक्री यांत वेळ व पैसा जातो, त्यामुळे हप्ता भरण्याची क्षमताच दिसत नसेल तर जाणती संस्था केवळ तारणावर कर्ज देत नाही.

आता लगेच चार ठिकाणी अर्ज करू नका, कारण थोड्या काळात झालेल्या अनेक चौकश्या पैशाची निकड सुचवतात. आधी स्वतःचा क्रेडिट अहवाल, म्हणजे आपल्या नावावरील कर्जव्यवहाराच्या नोंदी, मागवून त्यात चुकीची नोंद नाही ना ते तपासा. स्वतः अहवाल पाहिल्याने स्कोअर घटत नाही. मग ठेवीच्या तारणावर मिळणारे लहान मर्यादेचे कार्ड घ्या, ते थोडेच वापरा आणि दर महिन्याला पूर्ण रक्कम मुदतीत भरा. फिको स्कोअर तयार होण्यासाठीही कर्जाचे किंवा क्रेडिट कार्डाचे किमान एक खाते सहा महिने जुने असावे लागते, तेव्हा पुढचा अर्ज करण्याआधी निदान तेवढा काळ जाऊ द्या.