अमेरिकेच्या व्हिसाच्या डीएस-१६० या ऑनलाइन फॉर्ममध्ये फोटो अपलोड होत नाही, 'साइज चुकीची' असं येतं. स्टुडिओतून ३५ × ४५चा काढलाय. काय करू?

अहो, गोम तिथेच आहे. ३५ × ४५ मिमी हे माप शेंगेनला, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या व्हिसाला, चालतं. अमेरिकेला चौकोनीच लागतो, म्हणजे लांबी-रुंदी सारखी. कमीत कमी ६०० × ६०० पिक्सेल, जास्तीत जास्त १२०० × १२००. फाइल जेपीईजी, २४० केबीच्या आत.

आहे तो फोटो ताणून चौकोनी करू नका, चेहरा भोपळ्यासारखा होतो. कापूनही बहुतेक वेळा जमत नाही, कारण हनुवटीपासून डोक्याच्या वरपर्यंतचा भाग फोटोच्या उंचीच्या ५० ते ६९ टक्केच हवा आणि शेंगेनच्या फोटोत चेहरा त्याहून मोठा असतो. सरळ नवीन काढा. पांढऱ्या भिंतीपासून दोन हात पुढे उभे राहा, म्हणजे मागे सावली पडत नाही. चष्मा काढायचा, नंबरचा असला तरी. २०१६च्या नोव्हेंबरपासून तो चालत नाही. टिकली मी तरी ठेवली होती, कोणी काही बोललं नाही.

स्टुडिओवाल्याला 'गोरा करू नकोस' हे आधीच बजावा. आणि फाइल व्हॉट्सॲपवर मागवायचीच असेल तर डॉक्युमेंट म्हणून मागवा, नाहीतर ती दाबली जाऊन फोटो धूसर होतो.