सारागढीच्या शहिदांचं स्मारक कुठे आहे, आणि ते सैनिक मिलिशियाचे होते का?

नाही, 1897 मध्ये सारागढीच्या चौकीवर पठाण टोळ्यांशी लढताना मारले गेलेले ते 21 सैनिक मिलिशियाचे, म्हणजे स्थानिक लोकांच्या निमलष्करी दलाचे नव्हते, ब्रिटिश हिंदी फौजेच्या 36व्या शीख पलटणीचे होते. आणि स्मारक एक नाही, मुख्य तीन आहेत. एक घटनास्थळी, म्हणजे आज पाकिस्तानच्या खैबर पख्तूनख्वामध्ये समाना डोंगररांगेवर. भारतातून जाऊन बघायची दोन: अमृतसरला सुवर्णमंदिराजवळचा गुरुद्वारा आणि फिरोजपूर छावणीतला गुरुद्वारा.

मिलिशियाचा घोळ होतो तो खैबर रायफल्समुळे. ती खरोखर स्थानिक पठाणांची मिलिशिया होती, आणि तिच्या ताब्यातलं खैबर खिंडीतलं लंडी कोतल ठाणं ऑगस्ट 1897 मध्ये पडलं. सारागढी त्यानंतरची, 12 सप्टेंबरची.

सारागढी हा खरं तर किल्लाही नव्हे, छोटी दगडी चौकी. लॉकहार्ट आणि गुलिस्तान हे दोन किल्ले एकमेकांना दिसत नव्हते, म्हणून मधल्या उंचवट्यावरून आरशाने ऊन परावर्तित करून संदेश पुढे पाठवायचे. या यंत्राला हेलिओग्राफ म्हणतात. ढग आले की ते बंद. त्या दिवशी ऊन होतं, म्हणून चौकीतला संदेश पाठवणारा शिपाई गुरमुख सिंग याचे संदेश शेवटपर्यंत लॉकहार्टला पोचले आणि लढाईचा तपशील आपल्याला कळला.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा: 21 हा आकडा चौकीचा प्रमुख हवालदार ईशर सिंग धरून इंडियन ऑर्डर ऑफ मेरिट हे शौर्यपदक मिळालेल्या सैनिकांचा आहे. चौकीतला दाद नावाचा नोकरही तिथेच मारला गेला, पण तो लढाऊ शिपाई म्हणून भरती नव्हता, त्यामुळे पदकाच्या यादीत नाही.