नोंद सासरी नाही, माहेरी नाही, मग कुठे?

प्रश्न थोडक्यात असा: ताईंचा जन्म 1966 चा. अमेरिकेत असलेल्या मुलाने त्यांच्या ग्रीन कार्डसाठी अर्ज केला आहे आणि तिकडून जन्माचा दाखला मागितला आहे. वडिलांच्या गावच्या ग्रामपंचायतीत दोन हेलपाटे घातले, तेव्हा ‘नोंद सापडत नाही’ असं सांगण्यात आलं. आता एक एजंट ‘नवा दाखला काढून देतो’ म्हणतोय. काढावा का?

ताई, एजंटाला आधी नाही म्हणा. जन्मानंतर एक वर्ष उलटून गेलं की नवी नोंद करायला जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, 1969 च्या कलम 13 प्रमाणे दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. 2023 च्या दुरुस्तीनंतर हे काम जिल्हाधिकारी, प्रांत किंवा जिल्हाधिकाऱ्यांनी नेमलेले कार्यकारी दंडाधिकारी पाहतात. उशिराच्या नोंदींबाबत 2025 पासून राज्यात फार कडक तपासणी सुरू आहे. खोट्या कागदावर निघालेला दाखला रद्द तर होईलच, वर गुन्हाही दाखल होऊ शकतो.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मला महत्त्वाचं वाटलं: ‘मी आईचं पहिलं बाळंतपण.’ म्हणजे बहुधा तुमचा जन्म आजोळी झाला. जन्माची नोंद घटना घडते त्या गावी होते, वडिलांच्या गावी नव्हे. तेव्हा शोध घ्यायचा तो आजोळच्या ग्रामपंचायतीत, आणि तिथे नसेल तर तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात. 1966 सालच्या नोंदी कोतवाल बुकात, म्हणजे गाव नमुना 14 मध्ये मिळतात.

तिथे स्वतःचं नाव शोधत बसू नका. बारशाआधीच खबर दिलेली असायची, त्यामुळे नावाचा रकाना पुष्कळदा कोराच असतो. वडिलांचं नाव, ‘मुलगी’ हा शब्द आणि खबर देणाऱ्यात आजोबा किंवा मामाचं नाव, एवढ्यावरून ओळ ओळखा. आणि शाळेच्या दाखल्यावर 1 जून असेल, तर त्या तारखेला चिकटू नका. शाळेत घालताना गुरुजींनी वय बसवायला लिहिलेली ती तारीख निम्म्या महाराष्ट्राची आहे! अलीकडची-पलीकडची दोन वर्षं तपासायला सांगा.

हे सगळं तोंडी नको. कलम 17 खाली नोंदीचा शोध घेऊन उतारा मिळावा असा लेखी अर्ज द्या, आवक क्रमांकासह पोच घ्या. नोंद मिळाली तर नाव कोरं असलं तरी प्रमाणित नक्कल घ्या. सोबत शाळा सोडल्याचा दाखला, आणि माहेरचं-सासरचं नाव एकाच बाईचं हे दाखवायला विवाह नोंदणीचा दाखला जोडा. तारखा जुळत नसतील तर फरकाचं कारण प्रतिज्ञापत्रात सरळ लिहा, लपवू नका.

नोंद नाहीच मिळाली, तर तिथल्या जन्म-मृत्यू निबंधकाकडून, म्हणजे नोंदी ठेवणाऱ्या अधिकाऱ्याकडून, अनुपलब्धता प्रमाणपत्र (‘नोंद उपलब्ध नाही’ असा दाखला) लेखी घ्या. तुमचा जन्म 1 एप्रिल 1970 च्या आधीचा आहे, हे इथे उपयोगी पडतं. त्याआधी जन्मलेल्या भारतीयांच्या बाबतीत अमेरिकन वकिलात असं प्रमाणपत्र आणि त्यासोबत शाळेचा दाखला, वडीलधाऱ्या नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रं असे दुय्यम पुरावे विचारात घेते. मामा किंवा मावशी हयात असतील, तर त्यांचं प्रतिज्ञापत्र याच महिन्यात करून ठेवा.